पानगळ, कणीक आणि आई

तर झालं असं, की गेल्या ऑक्टोबरमध्ये लेकीच्या डे-केअरमधून चिठ्ठी आली. शुक्रवारपर्यंत मुलांबरोबर 'फॉल क्राफ्ट' करून आणा. लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची. मी काय करावं? दुकानात जाऊन तयार डबा घेऊन आले. आत फोमची लाल-पिवळी पानं, गोंदाची नळी आणि 'हे असं दिसलं पाहिजे' असं चित्र. दाराबाहेर मेपलच्या खऱ्या पानांचा घोट्याएवढा खच पडला होता, हे लक्षातही आलं नाही.

आई तेव्हा इथे न्यू जर्सीत आमच्याकडे आली होती. डबा बघून म्हणाली, "अगं, पानं विकत आणलीस?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लेक पान उलटं चिकटवायची, मी सुलटं करायचे. चौथ्या पानाला तिने भोकाड पसरलं आणि पळाली. उरलेलं 'क्राफ्ट' मी एकटीने पूर्ण केलं. छान झालं होतं, अगदी चित्रासारखं.

आई बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये. खरं सांगायचं तर शाळेत मैत्रिणींना मी 'आई शिक्षिका आहे' एवढंच सांगायचे. अंगणवाडी म्हणजे पोरं सांभाळणं आणि खिचडी वाटणं, असं मला वाटायचं. सरकारही पगार नाही, 'मानधन' म्हणायचं. त्या रात्री मात्र लाज वाटली, आणि आई प्रशिक्षणात पाठ केलेली जी नावं घ्यायची, ती मी पहिल्यांदा वाचायला घेतली.

पहिलं नाव फ्रोबेल. जर्मनीतल्या थुरिंगियाचा. नऊ महिन्यांचा असताना आई गेली. पोरवयात वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी केली. 1837 साली त्याने बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, शिवाय हाताची कामं: कागदाच्या घड्या, पट्ट्यांची वीण, माती, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून केलेले आकार. म्हणजे घरात असतं तेच. आणि गंमत बघा, 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली! पुतण्याच्या समाजवादी लिखाणाशी याची गल्लत केली म्हणतात. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली 1860 साली, त्याला ते बघायला मिळालं नाही.

तोवर ही कल्पना अमेरिकेत पोचली होती. 1856 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला मार्गारेट शुर्त्स या जर्मन बाईने घरातच किंडरगार्टन सुरू केलं. मग 1869 च्या सुमारास खेळ बनवणाऱ्या मिल्टन ब्रॅडलीने स्प्रिंगफील्डला फ्रोबेलचं साहित्य बनवायला घेतलं. त्यामुळे ते जास्त शाळांपर्यंत गेलं हे खरंच, पण खेळ डब्यातही गेला. माझ्या फोमच्या पानांचे पणजोबा सापडले म्हणायचे!

दुसरं नाव ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, माँटेसरी पद्धत जाणणाऱ्या. 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ बरोबर. माँटेसरीचं साहित्य गावाला परवडणारं नव्हतं. मग शिंपले, खडे, पानं, बिया, माती हेच साहित्य झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं, आणि त्यातल्याच एकात माझी आई होती. म्हणजे मी जे 'पोरं सांभाळणं' समजत होते, त्याला शंभरावर वर्षांचा इतिहास होता.

दुसऱ्या दिवशी मीच आईला म्हटलं, "तू कर ना तिच्याबरोबर."

आई नातीला घेऊन अंगणात गेली. पिशवीभर पानं आणली. मी ओकची फळंही उचलली होती, ती तिने काढून टाकली. "या वयाला बिया नकोत. नाकातोंडात घालतात." मग वाटीभर कणीक, निम्मं मीठ, थोडं पाणी असा घट्ट गोळा मळून तो थापला. त्यावर पान ठेवलं, शिरांची बाजू खाली, आणि नातीला म्हणाली, "दाब." बस्स, एवढंच. लेकीने तळहाताने दाबलं, पान सोलून काढलं आणि खालच्या शिरा बघून गप्पच झाली. मग अकरा वेळा दाबलं. आईने एकदाही तिचा हात धरला नाही. मी दोनदा पुढे झाले, दोन्ही वेळा आईने डोळ्यांनी मागे बसवलं.

शुक्रवारी माझं फोमचं चित्र घरी राहिलं, वेडीवाकडी चकती डे-केअरला गेली.

आता आई परत गावी आहे. चकती खिडकीत आहे. वाळताना मधोमध तडकली, पण कडेला लेकीच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. मी आईला फोटो पाठवला. म्हणाली, "उन्हात ठेवलीस ना? सावलीत वाळवायची असते."

यंदा सावलीत वाळवणार आहे.