काहुरा, १८७९

तुम्ही बुन्योरोत आहात, आजच्या युगांडातल्या काहुरा गावी, एका झोपडीत. समोर उतरत्या बाजेवर विशीतली पहिलटकरीण. तिला केळ्याची दारू भरपूर पाजली आहे. डोळे जडावलेत, पण शुद्ध आहे. वल्कलाच्या एका पट्ट्याने छाती बाजेला बांधलीय, दुसऱ्याने मांड्या. एकाने घोटे धरलेत, दुसऱ्याने पोट. एडिंबराहून आलेला तरुण मिशनरी रॉबर्ट फेल्किन तुमच्याशेजारी उभा राहून सगळं बघतोय.

शस्त्रवैद्य मंत्र पुटपुटतो. त्याच दारूने हात धुतो, तिचं पोट धुतो, मग पाण्याने. आरोळी ठोकतो. बाहेरचा जमाव ती उचलून धरतो. ओटीपोटापासून बेंबीखालपर्यंत एकच उभा छेद. रक्त उसळेल तिथे तापल्या लोखंडाचा डाग. चर्र! मूल बाहेर येतं, नाळ कापली जाते.

आता तुमचा जीव वरखाली होतो. गर्भाशयाला टाके? ते घालायलाच हवेत, हे जर्मनीत माक्स झेंगर तीन वर्षांनी सांगणार आहे. इथला वैद्य ते घालत नाही; तो सुरी टाकतो आणि दोन्ही हातांनी गर्भाशय दाबतो. ते आकसत जातं. मग आत हात घालून तो त्याचं मुख बोटांनी रुंद करतो, गुठळ्या आणि वार काढतो. जखमेवर गवताची चटई बांधून तिला अलगद पालथी धरतात. पोटातला द्रव निथळून जातो.

एवढं होईतो तिने हूं की चूं केलेलं नाही. ती ओरडते ती पोट मिटताना. सात बारीक, घासून चकचकीत केलेल्या लोखंडी सळया जखमेच्या दोन्ही कडांतून आरपार जातात आणि सालीच्या दोरीने आवळल्या जातात. वर चावून थुंकलेल्या मुळ्यांचा लगदा, शेकलेलं केळीचं पान आणि घट्ट पट्टा.

तासाभरात ती बरीच निवांत दिसते. दोन तासांनी मूल छातीला लावतात. दूध फार कमी, म्हणून पुढे मैत्रीणच बहुतेक वेळा पाजते. दुसऱ्या रात्री ताप १०१ वर जातो आणि उतरतो. तिसऱ्या दिवशी एक सळई निघते, पाचव्या दिवशी तीन, सहाव्या दिवशी उरलेल्या. अकराव्या दिवशी जखम भरलेली असते. युरोपात या काळी सिझेरियन झालेली बाई बहुधा दगावते.

फेल्किन हे १८८४ मध्ये छापेल. त्याचं टिपण मात्र अकराव्या दिवशी थांबतं. ही पुन्हा गरोदर राहिली, तर कळा त्याच न शिवलेल्या व्रणावर येणार आहेत.