प्रौढांचा वर्ग आणि त्याचा पहिला शब्द

या स्मृतिव्याख्यानासाठी मी मुलांच्या शाळेऐवजी मोठ्या माणसांच्या वर्गाचा विषय निवडला आहे. मुलाला घरची माणसे शाळेत आणून बसवितात. प्रौढ माणूस स्वतः येतो, आणि पहिल्या संध्याकाळी त्याच्या हाती काही लागले नाही, तर दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. तो तक्रार करीत नाही. त्याची रिकामी जागाच काय ते सांगते. प्रौढांना शिकविण्याचा इतिहास हा माझ्या मते ही जागा रिकामी पडू नये म्हणून झालेल्या प्रयत्नांचा इतिहास आहे. त्यातील तीन प्रयोग येथे मांडतो.

१८५५ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व कष्टकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवस मजुरीचा, म्हणून वर्ग रात्रीचा. वेळ ठरविताना शिकणाऱ्याच्या दिनक्रमाचा मान राखला गेला. त्याच वर्षी जोतीरावांनी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकातील कुणबी जोडपे ग्रहशांतीच्या नावाखाली लुबाडले जाते आणि अखेरीस याच शाळेत जाण्याचा निश्चय करते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आपण फसविले गेलो हे आधी कळते, आणि मग अक्षराची गरज वाटू लागते. ही गरज ओळखून वर्गाची आखणी करावी लागते.

दुसरा प्रयोग १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा. पुढे ती महाराष्ट्रभर पसरली व १९७२ साली युनेस्कोच्या पारितोषिकाने तिचा गौरव झाला. या मोहिमेने शिकणाऱ्याला एकटे पाडले नाही. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. त्यामुळे साक्षरता ही एकट्यादुकट्याची शरमेची बाब न राहता साऱ्या गावाच्या अभिमानाची बाब झाली. चाळिशीच्या माणसाला पाटी हाती धरताना वाटणारा संकोच ज्याने पाहिला आहे, त्याला या योजनेतील शहाणपण वेगळे सांगावे लागणार नाही.

तिसरा प्रयोग दूरचा, ब्राझीलचा. ईशान्य ब्राझीलमधील आंजिकोस या लहानशा गावी १९६३ च्या प्रारंभी पाउलो फ्रेरे यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ३०० प्रौढांचे वर्ग भरले. अभ्यासक्रम केवळ ४० तासांचा होता, पण पूर्वतयारी मोठी होती. शिकविणारे विद्यापीठातील विद्यार्थी आधी गावात हिंडले आणि लोकांच्या बोलण्यातील शब्द त्यांनी टिपून घेतले. त्यांतून मोजके शब्द निवडले गेले. वर्गात प्रथम चित्र दाखवीत आणि त्यावर बोलणे होई; अक्षर त्यानंतर येई.

फ्रेरे यांच्या पद्धतीतील प्रसिद्ध उदाहरण ‘तिजोलो’ म्हणजे विटेचे आहे. वीट कोण घडवितो, घर कोणाचे होते, अशी चर्चा झाल्यावर शब्दाचे तुकडे पाडीत आणि प्रत्येकाचे कुटुंब मांडीत: ता ते ती तो तू, जा जे जी जो जू, ला ले ली लो लू. मग शिकणारे स्वतःच जोडाजोड करून ‘लोजा’ (दुकान), ‘लूता’ (झुंज) असे शब्द बनवीत. हे वाचताना मराठी माणसाला आपली बाराखडीच आठवते. अक्षरांची ही कुटुंबे आपल्याकडे परंपरेनेच तयार आहेत. फरक इतकाच की आपण ‘क का कि की’ पाठ करून शब्दाकडे जातो, तर तेथे माणसाच्या जगण्यातला शब्द आधी आला आणि बाराखडी त्यातून निघाली. मुलापाशी पाठांतरासाठी वर्षे असतात. दिवसभर राबलेल्या माणसापाशी फार तर तासभर असतो.

ब्राझीलमध्ये त्या काळी निरक्षरास मताधिकार नव्हता. तो १९८५ साली मिळाला. म्हणजे ३०० माणसे वाचू लागणे याचा अर्थ ३०० नवे मतदार. समारोपाच्या वर्गास राष्ट्राध्यक्ष गुलार्त स्वतः उपस्थित राहिले. पण १९६४ च्या लष्करी उठावानंतर हे सारे काम थांबले, फ्रेरे यांना तुरुंगवास व पुढे दीर्घ विजनवास भोगावा लागला. आपल्या गोव्यात, जेथे पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत होती, पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच १९६३ च्या डिसेंबरात झाली आणि अक्षर न येणाऱ्यांनीही मत दिले. तेथे अक्षर ही हक्काची अट होती. आपल्याकडे हक्क आधी आला आणि अक्षर मागे राहिले. म्हणून आपल्याकडे प्रौढांचा वर्ग बंद पाडण्यासाठी कोणी सैन्य पाठवीत नाही. तो उपेक्षेने बंद पडतो.

या इतिहासातून वर्ग चालविणाऱ्याने काय घ्यावे? वेळ शिकणाऱ्याला विचारून ठरवावी. पहिला शब्द पुस्तकातून न घेता त्याच्या धंद्यातून घ्यावा. मासे विकणाऱ्या बाईला ‘कमळ’ शिकविण्याआधी ‘बांगडा’ शिकवावा. खडू उचलण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकावे, कारण बाजारभावाविषयी ती आपल्याहून अधिक जाणते. पहिल्या संध्याकाळी किमान एक शब्द तिने स्वतः जुळवून घरी न्यावा. आणि वर्ग संपल्यावर वाचावयास काही हाती राहील याची तजवीज आधीच करावी, कारण न वापरलेले अक्षर पुसले जाते. बाके तर शाळेत आहेतच, आणि संध्याकाळी ती रिकामीच असतात.