येरवड्याचे चक्र आणि सायकलीचे तीन गिअर

थ्रेड : येरवडा कारागृहाशी नाव जोडला गेलेला पेटीचरखा आणि इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये जन्मलेली तीन गिअरची सायकल. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय? दोन्ही यंत्रांपुढे प्रश्न एकच होता : माणसाच्या हातापायांत जेवढे बळ आहे, तेवढ्यातच अधिक काम कसे साधावे? उत्तरे मात्र वेगळी निघाली. त्या दोन उत्तरांची ही कथा.

१/ आरंभ सायकलीपासून करू. जुन्या उंच सायकलीत पायटे थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. त्यामुळे वेग हवा असेल, तर चाकच अवाढव्य करावे लागे आणि स्वार जवळजवळ माणसाच्या उंचीवर बसे. तिथून पडणे म्हणजे डोक्यावर पडणे.

२/ १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, पायटे मधोमध आणि मागचे चाक साखळीने फिरणारे. पुढच्या दातेरी चक्राला दाते जास्त, मागच्याला कमी. पायट्याच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन-अडीच फेरे घेऊ लागले. उंच चाकाचा वेग लहान चाकात आला. गिअरची मूळ कल्पना एवढीच आहे.

३/ पुढे अवघ्या तीन वर्षांत हे वाहन मराठी मुलुखाच्या बाजारात दिसू लागले. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान उघडले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकत. सायकल चालवायला शिकवण्याची सोयही तेथे होती. लोखंडी नांगर आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी हे सारे त्यानंतरचे. बेळगावातील या दुकानाकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

४/ साखळीने एक प्रश्न सुटला आणि दुसरा उभा राहिला. दात्यांचे प्रमाण एकदा ठरले की ठरले. सपाटीवर सुखद वाटणारे प्रमाण चढावर मांड्या भरून आणते आणि उतारावर पाय नुसतेच भिरभिरतात. मनुष्याचे शरीर हे मोठे हट्टी इंजिन आहे. ते ठरावीक लयीतच उत्तम चालते. रस्ता बदलला तरी लय राखायची असेल, तर बदलावे लागते ते प्रमाण.

५/ १९०२ साली त्यावर तोडगा निघाला. विल्यम रायली आणि जेम्स आर्चर यांची रचना, हेन्री स्टर्मी या सायकल-पत्रकाराची स्वतंत्र रचना आणि रॅले कंपनीचे फ्रँक बाउडन यांचे भांडवल, असे हे त्रांगडे. रायली आधीच दुसऱ्या कराराने बांधला गेला होता, म्हणून पेटंट आर्चरच्या नावे निघाले. परिणामी हबवर ‘स्टर्मी-आर्चर’ ही दोन नावे कोरली गेली आणि खरा कारागीर नावाविना राहिला.

६/ ही यंत्रणा मागच्या चाकाच्या हबमध्ये दडलेली असते. तिच्या भागांची नावेच खगोलातून आलेली आहेत. मध्ये आसाला घट्ट बसवलेला ‘सूर्य’, त्याभोवती फिरणारे लहान ‘ग्रह’ आणि सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूने दाते असलेले कडे. १९३६ मध्ये आलेल्या ‘ए-डब्ल्यू’ या सर्वांत प्रसिद्ध हबमध्ये सूर्याला २० दाते, प्रत्येक ग्रहाला २० आणि कड्याला ६०.

७/ आता गणित. साखळीने कडे फिरवले आणि ग्रहांच्या चौकटीने हब ओढला, तर ६० भागिले (६० + २०) म्हणजे ०.७५. हा पहिला गिअर, चढासाठी. उलट, साखळीने ग्रहांची चौकट फिरवली आणि कड्याने हब ओढला, तर ८० भागिले ६० म्हणजे १.३३. हा तिसरा. साखळीपासून कडे आणि कड्यापासून थेट हब, म्हणजे दुसरा, जसाच्या तसा.

८/ रस्त्यावर याचा अर्थ काय? समजा, पुढे ४८ दाते, मागे १८ आणि २८ इंची चाक. पायट्याच्या एका फेऱ्यात दुसऱ्या गिअरवर सायकल सुमारे ५.९ मीटर जाते, पहिल्यावर ४.४ आणि तिसऱ्यावर ७.८. बंडगार्डनच्या पुलावरून येरवड्याकडे जाताना दुसरा पुरेसा असतो. पर्णकुटीच्या टेकडीवर चढताना पहिला हवा, उतरताना तिसरा. मात्र श्रम फुकटात वाचत नाहीत. पहिल्या गिअरवर जोर कमी लागतो, तर फेरे अधिक मारावे लागतात. गिअर शक्ती निर्माण करत नाही. तो केवळ विनिमय करून देतो.

९/ अशी सायकल बांधणे अवघड नव्हते. इंग्रजी पद्धतीच्या रोडस्टरला मागे ४० आणि पुढे ३२ स्पोक असत. त्यामुळे ४० भोकांचा हब आणून त्याच रिममध्ये स्पोक गुंफायचे, चाकाचा आउट काढायचा, हँडलवर खटका बसवायचा आणि तार जोडायची. खुबी होती ती तारेच्या ताणात. ताण चुकला, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक ‘रिकामी’ जागा लागे आणि जोर लावलेला पाय एकाएकी हवेत जाई. दांडीवर आपटलेला स्वार तो धडा विसरत नसे. तार तुटलीच, तर हब आपोआप तिसऱ्या गिअरवर जाई.

१०/ शर्यतींच्या जगात मात्र गिअर बदलणे बराच काळ कमीपणाचे मानले गेले. तूर द फ्रान्समध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा व्यावसायिक स्वारांना १९३७ साली वापरता आली. तोपर्यंत इंग्लंडातील कारकून, शिक्षिका आणि पोस्टमन तीन गिअरवर सहज फिरत होते. सोय ही सामान्यांकडे आधी आली आणि वीरांकडे नंतर.

११/ मग ‘सायकलींचे शहर’ म्हणून गाजलेल्या पुण्याचे काय? इथे राज्य केले ते एकाच गिअरच्या काळ्या सायकलीने. शहराचा मध्यभाग बराचसा सपाट. शिवाय कोपऱ्याकोपऱ्यावर सायकलवाला बसलेला. पंक्चर काढणे, छर्रे बदलणे, साखळी आखडणे हे त्याच्या हातचे काम. गिअरचा हब उघडायचा, तर बारीक स्प्रिंगा आणि खिट्या, आणि त्या मिळायच्या परदेशी मालातूनच. वेगापेक्षा दुरुस्ती महत्त्वाची ठरली.

१२/ हाच निकष येरवड्याच्या भिंतींआड दुसऱ्या यंत्राला लावला जात होता. गांधीजी १९२२ ते १९२४, १९३० ते १९३१ आणि पुन्हा १९३२ पासून येथे बंदी होते. प्रवासात आणि कोठडीत नेता येईल असा घडीचा चरखा त्यांना हवा होता. त्यातून जी रचना प्रचारात आली, ती आज ‘येरवडा चक्र’ या नावाने ओळखली जाते.

१३/ पेटी उघडली की आत एक मोठे व एक लहान अशी दोन चाके आडवी दिसतात. हाताने मोठे चाक फिरवायचे. त्याची दोरी लहान चाकाच्या बारीक कप्पीवर, आणि लहान चाकाची दोरी चातीवर. वेग दोन टप्प्यांत वाढतो आणि टप्प्यांचा गुणाकार होतो. समजा, पहिल्या टप्प्यात ४ पट आणि दुसऱ्यात २० पट, तर हाताच्या एका फेऱ्याला चातीचे ८० फेरे. जुन्या चरख्यात एवढ्या वेगासाठी भले मोठे चाक लागे. उंच सायकलीची अडचण साखळीने सोडवली, तीच येथे दोरीने सोडवली.

१४/ १९३२ मध्ये हात दुखू लागला, तेव्हा गांधीजींनी येरवड्यात मगन चरखा चालवला. तो पायाने चालतो. म्हणजे या कारागृहात पायटाही फिरला, फक्त त्यातून अंतर नव्हे, सूत निघत होते.

१५/ या साऱ्याच्या मागे १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने जाहीर केलेले एक लाख रुपयांचे बक्षीस होते. अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांहून अधिक नको. खेड्यातील स्त्रीला फारसे कष्ट न होता सलग आठ तास चालवता यावा. वीस वर्षे टिकावा. आणि वर्षाच्या डागडुजीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. वेगाबरोबरच दुरुस्तीलाही अटींत स्थान देणारी ही स्पर्धा होती.

१६/ त्या स्पर्धेत एक चरखा किर्लोस्करवाडीतून उतरला, काळे नावाच्या कल्पक यंत्रकाराचा. एकेकाळी बेळगावात सायकली विकणाऱ्या घराण्याच्या कारखान्यात तो घडला होता. बक्षीस मात्र त्यालाही मिळाले नाही आणि इतर कोणालाही नाही. लाख रुपये तसेच राहिले. अधिक उत्पादन, अल्प किंमत आणि गावात होणारी दुरुस्ती या तिन्ही गोष्टी एका यंत्रात बसवणे त्या काळच्या कसलेल्या कारागिरांनाही जमले नाही.

१७/ म्हणून ‘पुण्यात गिअरची सायकल का रुजली नाही?’ या प्रश्नाचे ‘आपण मागासलेले होतो’ हे उत्तर उथळ आहे. यंत्र निवडताना समाज त्याचा वेग पाहतो, तसेच ते मोडल्यावर कोणाच्या दारात जावे लागेल, हेही पाहतो. नॉटिंगहॅमच्या पोस्टमनच्या शेजारी कारखाना होता. पुण्याच्या कारकुनाच्या शेजारी पाटीवर पान्हे मांडून बसलेला सायकलवाला होता. दोघांनीही आपापल्या परीने शहाणी निवड केली.

१८/ शेवटी एक काम तुमच्यासाठी. जुन्या बाजारात, वाड्याच्या अंगणात किंवा आजोबांच्या माळ्यावर इंग्रजी सायकल दिसली, तर मागच्या चाकाचा हब पुसून पाहा. तो जाड असेल आणि आसाच्या टोकातून बारीक साखळी लोंबत असेल, तर आत ग्रहमाला आहे. अशा अनेक हबांवर निर्मितीचे वर्ष आणि महिना अंकांत ठोकलेला असतो. ते अंक टिपून घ्या, सायकल कोणी आणि कोठून आणली ते घरात विचारा, आणि दोन्ही एका कागदावर लिहून ठेवा. कारण हबवरचे अंक टिकतात, माणसांच्या आठवणी टिकत नाहीत.