अस्तंभा

सातपुड्यातील महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. उंची १,३२५ मी. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात ते उभे आहे. १ जुलै १९९८ पर्यंत हा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. त्यामुळे तापी खोऱ्यातल्या सपाट, काळ्या मातीच्या गावांचा आणि या डोंगराचा जिल्हा तेव्हा एकच!

खडक दख्खनच्या पठाराचाच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. पण सातपुड्याचा हा पट्टा उत्तरेला नर्मदा आणि दक्षिणेला तापी यांच्या मधोमध उचलला गेला आहे. दोन्ही नद्या देशातील बहुतेक मोठ्या नद्यांच्या उलट दिशेने, पश्चिमेकडे वाहतात.

इथेच राज्यांची सीमाही आहे. नर्मदा काही अंतर महाराष्ट्राची हद्द आखते. पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात.

यात्रेकरू मात्र ही हद्द मानत नाहीत. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, तिन्ही राज्यांतले भाविक, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने, शिखराची अवघड चढण चढतात. चिरंजीव अश्वत्थामा येथे कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे.