विकलेले पाच नळ : साउथ फोर्क धरणाची हकिकत

१८७५ साली अमेरिकन काँग्रेसचे सदस्य जॉन रायली यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीकडून २,५०० डॉलरना एक पडीक धरण विकत घेतले. चार वर्षांनी त्यांनी ते २,००० डॉलरना विकले. मधल्या काळात त्यांनी धरणाच्या तळातील बिडाचे नळ उपटून भंगारात घातले होते. पाच नळ, प्रत्येकी दोन फूट व्यासाचे. तलावाची पातळी उतरवायची तर पाणी याच नळांतून सोडावे लागे. ते गेल्यावर तलाव रिकामा करण्याचे, म्हणजेच भिंतीची दुरुस्ती धडपणे करण्याचे, कोणतेही साधन उरले नाही. ३१ मे १८८९ रोजी हे धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०० हून अधिक माणसे मेली. आपत्तींच्या इतिहासात त्या एका दुपारचे वर्णन रंगवून केलेले असते. मला महत्त्वाची वाटतात ती त्याआधीची दहा वर्षे.

धरण मुळात सरकारी. राज्याच्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी कमी पडे, म्हणून साउथ फोर्क नावाच्या ओढ्यावर मातीचा भराव घालायला १८३८ मध्ये सुरुवात झाली. ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब असा हा भराव पुरा व्हायला १८५३ उजाडले. तोवर त्याच मार्गाने रेल्वे धावू लागली होती आणि कालव्याची गरजच संपली होती. काम पूर्ण होताच निरुपयोगी ठरलेल्या सरकारी योजना आपल्यालाही नव्या नाहीत! धरण रेल्वे कंपनीकडे गेले, १८६२ मध्ये एकदा फुटले. तलाव अर्धाच भरलेला असल्याने नुकसान किरकोळ झाले, आणि त्यामुळेच बहुधा कोणी धडा घेतला नाही.

१८७९ मध्ये बेंजामिन रफ या कंत्राटदाराने ते घेतले आणि पिट्सबर्गच्या धनिकांसाठी ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ काढला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन ही सभासदांपैकी काही नावे. धरण होते केंब्रिया परगण्यात, पण क्लबची सनद मंजूर करून घेतली ती पिट्सबर्गच्या परगण्यातील न्यायालयाकडून. कायद्याने व्यवहार जिथे होणार तिथे ती नोंदवायला हवी होती. बाब तांत्रिक खरी, परंतु धरणाखाली राहणाऱ्यांना या मंडळींचा कारभार कळण्याची एक वाट तिथेच बंद झाली.

मग दुरुस्ती झाली. १८६२ चे भगदाड दगडमाती, हेमलॉकच्या फांद्या, पेंढा, असेल ते टाकून बुजवले. नळ पुन्हा बसवलेच नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा सुमारे तीन फूट छाटून रुंद केला. छाटलेला भराव पुढे मध्यभागी थोडा खचला. मातीच्या धरणाचा मध्य हा नेहमी कडांपेक्षा किंचित उंच ठेवतात. येथे तो सर्वांत सखल झाला. एरी सरोवरातून आगगाडीने आणलेले ब्लॅक बास मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या ठोकल्या. क्लबच्या बाजूने पाहिले तर यातली एकही गोष्ट वेडेपणाची नव्हती. करमणुकीच्या तलावाला पाणी काठोकाठ हवे, रस्ता हवा, मासे हवेत. पाणी सोडायची सोय नसली तर त्याचे काही अडत नाही.

जॉन्सटाउन तिथून चौदा मैल खाली आणि सुमारे ४५० फूट उतारावर. तेथील केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना वरच्या डागडुजीची शंका आली. त्यांनी नोव्हेंबर १८८० मध्ये आपले अभियंते जॉन फुल्टन यांना पाहणीला धाडले. फुल्टन यांनी दोन दोष लेखी नोंदवले : पाणी सोडायला तळाशी नळ नाही, आणि डागडुजी कच्ची असून गळती आहे. नळ नसल्याने ही गळती दुरुस्तही करता येणार नाही, म्हणजे पहिला दोष दुसऱ्याला कायम करणारा. रफ यांनी उत्तरात फुल्टन यांचे मुद्दे झटकून टाकले आणि आमच्या उपक्रमापासून तुम्हाला कसलाही धोका नाही असे कळवले. यावर मॉरेल यांनी लिहिले की धरण पक्के करायला आमची कंपनी खर्चाचा वाटा उचलेल. क्लबने तेही नाकारले.

हा पत्रव्यवहार वाचताना मी दर वेळी येथे अडखळतो. धोका माहीत नव्हता असे मुळीच नाही. तो तज्ज्ञाने पाहून कागदावर उतरवला होता, आणि पैसे देणाराही दारात उभा होता. पण मालकाने नाही म्हटल्यावर पुढे जायला वाट नव्हती. खासगी धरण तपासणारा सरकारी अधिकारी नव्हता, खालच्या गावाला वर जाऊन काही बदलण्याचा हक्क नव्हता. परगण्यातील सर्वांत बलाढ्य कारखानदाराने अखेर काय केले? क्लबचे सभासदत्व विकत घेतले, आत राहून लक्ष ठेवता येईल म्हणून. मॉरेल १८८५ मध्ये वारले, रफ १८८७ मध्ये. पत्रे मात्र फाइलीत राहिली.

३० मेच्या रात्री प्रचंड पाऊस झाला. सकाळी क्लबचे अध्यक्ष इलायस अंगर आणि तरुण अभियंता जॉन पार्क यांनी, गटाराच्या कामावर आलेले इटालियन मजूर हाताशी धरून, माथ्यावर माती चढवून पाहिली, दुसऱ्या टोकाला चर खणून पाहिला. जाळ्या काढायला गेले तेव्हा त्या काटक्याकचऱ्याने घट्ट तुंबल्या होत्या. मातीचे धरण मागचा दाब वर्षानुवर्षे झेलते, पण माथ्यावरून पाणी वाहू लागले की उतरणीची माती खरवडत जाते. पानशेतची आठवण ज्या पुणेकर घरांत अजून निघते त्यांना हे सांगायला नको. पार्क घोड्यावरून साउथ फोर्क गावी धावला. तारा खाली गेल्याही, पण ‘धरण फुटणार’ ही हाकाटी दर पावसाळी वर्षी होत असल्याने तिची लांडग्याच्या गोष्टीसारखी गत झाली होती. तीनच्या सुमारास भिंत गेली. चारनंतर काही मिनिटांत सुमारे दोन कोटी टन पाणी जॉन्सटाउनवर होते. ७७७ मृतांची ओळख कधीच पटली नाही.

दाव्यांतून क्लबकडून कोणालाही छदाम मिळाला नाही. संस्थेकडे मालमत्ता जवळजवळ नव्हती, सभासदांची खासगी संपत्ती तिच्यापासून अलग होती आणि पाऊस ही ईश्वरी करणी ठरली. कार्नेगींनी गावाला ग्रंथालय बांधून दिले. आज त्याच इमारतीत पुराचे संग्रहालय आहे. अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या समितीने १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात निर्वाळा दिला की मूळ रचनेवरूनही पाणी गेलेच असते. हा निर्वाळा शंभराहून अधिक वर्षे टिकला. २०१६ मध्ये कोलमन, कॅक्टिन्स आणि वॉइनो यांनी नव्याने मोजमाप करून दाखवले की माथा छाटल्यामुळे सुरक्षितपणे पाणी वाहून जाण्याची क्षमता जवळपास निम्म्याने घटली होती आणि मूळ धरणाने ते वादळ पेलले असते.

इंग्लंडमध्ये १८६८ सालीच ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ खटल्यात ठरले होते की जमिनीवर धोकादायक वस्तू साठवणाऱ्याने ती निसटल्यास भरपाई द्यावी, मग हयगय सिद्ध होवो अथवा न होवो. तो वादही एका गिरणीमालकाच्या खासगी तलावाचाच होता. अमेरिकेतील न्यायालये हे तत्त्व बराच काळ नाकारत आली आणि जॉन्सटाउननंतरच्या दशकात त्यांतील अनेक त्याकडे वळली. आपल्याकडे दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात न्या. भगवतींच्या पीठाने १९८६ मध्ये त्याहून पुढे जाऊन धोकादायक उद्योगांपुरता ईश्वरी करणीचा अपवादही काढून टाकला. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने खासगी मालकालाही तपासणी आणि देखभालीच्या बंधनात आणले आहे. पण तो १५ मीटरहून उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाच लागू आहे. साउथ फोर्क, २२ मीटर, त्यात बसले असते. रिसॉर्टच्या मागे नौकाविहारासाठी ओढा अडवून घातलेला आठ मीटरचा बांध बसत नाही.

साउथ फोर्क येथे आता राष्ट्रीय स्मारक आहे. भरावाची दोन टोके उभी आहेत, मधला भाग नाही, आणि तलावाच्या तळातून रेल्वेचा फाटा जातो.