१९७५ साली काय झालं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षातला सेमिनार. मी ऐटीत स्लाइड लावली होती, 'भाकीत १९७३, प्रयोगाने सिद्ध २०१०.' मागून एका सरांनी विचारलं, "मधे १९७५ साली काय झालं?" मला पत्ताच नव्हता. तुमच्याही रिव्ह्यूमध्ये ही दोन सालं शेजारी शेजारी येतील, म्हणून सांगतो.

सुरुवात १९५४ ची. उत्तेजित अणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कमी जागेत दाटीनं असले तर ते सुटेसुटे नव्हे, एका तालात प्रकाश टाकतात, असं रॉबर्ट डिके यांनी दाखवलं. तीव्रता अणूंच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १९७३ मध्ये क्लाउस हेप आणि इलियट लीब यांनी या मॉडेलचं गणित सोडवलं. अणू आणि आरशांमधला प्रकाश यांचं कपलिंग एका मर्यादेपलीकडे गेलं की समतोलातच कॅव्हिटीत प्रकाश उभा राहतो. चक्क फेज ट्रान्झिशन!

आणि मग १९७५. पोलंडच्या तिघा संशोधकांनी दाखवलं की हॅमिल्टोनियनमधलं एक पद गाळलं गेलंय, व्हेक्टर पोटेन्शियलच्या वर्गाचं. कपलिंग वाढवाल तसं हे पदही वाढतं आणि उंबरठा कधी ओलांडलाच जात नाही. आपण सगळेच 'लहान आहे' म्हणून पदं गाळतो ना? हे त्यातलंच एक.

वाट निघाली ती वळसा घालून. २००२ मध्ये डोमोकोश आणि रिट्श यांनी मांडलं, की कॅव्हिटीतल्या अणूंवर बाजूनं लेसर टाकला तर पुरेशा तीव्रतेला ते आपणहून नक्षीत बसतील. पुढच्याच वर्षी वुलेटिच यांच्या गटाला सीझियमच्या अणूंमध्ये तसं दिसलंही, पण ते अणू कंडेन्सेटमधले नव्हते.

२०१० मध्ये एस्लिंगर यांच्या गटानं रुबिडियमच्या सुमारे एक लाख अणूंचं बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट कॅव्हिटीत ठेवलं. हा प्रयोग झाला झुरिचच्या ईटीएचमध्ये, म्हणजे हेप यांच्याच संस्थेत. गंमत बघा, इथे डिकेच्या दोन पातळ्या अणूच्या इलेक्ट्रॉनच्या नाहीतच. एक पातळी म्हणजे स्थिर अणू, दुसरी म्हणजे फोटॉनचा धक्का बसून हललेला अणू. दोघांमधलं अंतर फक्त किलोहर्ट्झचं, त्यामुळे उंबरठा आवाक्यात येतो. लेसर वाढवत नेला की अणू बुद्धिबळाच्या पटासारखे एकतर सगळे काळ्या घरांत, नाहीतर सगळे पांढऱ्या घरांत बसतात आणि कॅव्हिटी उजळते. आरशातून झिरपणाऱ्या प्रकाशावरून हे घडतानाच मोजता येतं.

म्हणजे माझी स्लाइड चुकीची होती. झुरिचमध्ये मॉडेल साकारलं, तेही बाहेरून लेसरची ऊर्जा सतत पुरवून. समतोलातल्या साध्या अणूंबद्दलची १९७५ ची हरकत त्यानं खोडली नाही. तो वाद आजही चालू आहे.

२०१६ मध्ये त्याच गटानं त्यात ऑप्टिकल लॅटिस घातली आणि चार प्रावस्था मिळाल्या: सुपरफ्लुइड, सुपरसॉलिड, मॉट इन्सुलेटर आणि चार्ज डेन्सिटी वेव्ह. त्यावर पुढच्या भागात लिहीन. तोवर १९७५ चा पेपर काढून वाचा, अगदी छोटासा आहे.