हाडवैद्याच्या कांबी

वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आले आणि पुढे बुलढाण्यास जिल्ह्याची कचेरीही बसली. परंतु मेहकर-चिखलीकडच्या खेड्यांत चिंचेवरून अथवा बैलगाडीवरून पडून एखाद्या पोराचा हात मोडला, तर सरकारी दवाखान्याच्या आधी आठवण होई ती हाडवैद्याची, जो बोटांनी हाड चाचपून, ओढून सरळ करून, लेपावर वेळूच्या कांबी बांधी. ही विद्या बहुधा घराण्यात मुखोद्गत चाले. तथापि तिचे शास्त्ररूप सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सेत आढळते. तेथे कांबींसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस यांच्या साली आणि वेळू सांगितले असून, बंध शीतकाळी सातव्या, साधारण ऋतूत पाचव्या व उष्णकाळी तिसऱ्या दिवशी सोडून पुन्हा बांधावा, असा दंडक आहे. बाल्यात महिन्याने सांधणारे हाड वार्धक्यात तिप्पट काळ घेते, हेही तेथेच नमूद आहे. याहून मोलाचा मला वाटतो तो त्यातील इशारा: बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही, आणि आवळला तर सूज, वेदना व पाक उद्भवतो. कोपराच्या किंचित वर हाड मोडलेल्या मुलाच्या बाबतीत तर तेथून जाणारी रक्तवाहिनी दबून बोटे कायमची आखडण्याचे भय असते. घट्ट बंधाने ओढवणारी ही विकृती जर्मन शल्यवैद्य फोल्कमान याने 1881 साली वर्णिली. 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला खरा, पण लहान मुलाच्या कोपराचा बराच भाग कूर्चेचा, आणि कूर्चा त्या किरणांच्या चित्रात उमटत नाही; म्हणून डॉक्टरांना कित्येकदा धडधाकट हाताचेही चित्र घेऊन दोन्ही ताडून पाहावी लागत.